पाहुणी म्हणून गेले आणि माझ्याच गेममध्ये चुकले

‘गेस्ट म्हणून या’ असा मेल आला तेव्हा मी तो स्पॅम समजून सोडून दिला होता. दुसऱ्यांदा आला तेव्हा पब्लिशरला फोन केला, तो म्हणाला अगं खरंय ते, मीच तुझं नाव दिलंय. बेंगळुरूचं दोन दिवसांचं फॅन कन्वेन्शन, म्हणजे कॉमिक्स, अ‍ॅनिमे, कॉस्प्ले (म्हणजे आवडत्या पात्रासारखा वेश करून येणं), व्हिडिओ गेम सगळ्याची मिळून भेळ, आणि त्यात बोर्ड गेमचा एक कोपरा. कन्वेन्शनचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि माणसं मनाने चांगली होती.

माझं सांगायचं तर मी दिवसा खराडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करते आणि रात्री बोर्ड गेम बनवायला पुठ्ठे कापते. छापून बाजारात आलेला गेम आत्तापर्यंत एकच, बैलबाजाराचा. आमचं गाव आळेफाट्याजवळ, त्यामुळे बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार लहानपणी पाहिलेला. बायका-पोरींनी तिकडे जायचं नसतं वगैरे, पण मी सात वर्षांची होते आणि आजोबांचं धोतर सोडत नव्हते. तिथे दोन माणसं हातावर रुमाल टाकून उभी असायची, तोंडाने गप्प, नजर भलतीकडे, आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव चाललेला. ह्यालाच हत्ता पद्धत म्हणतात. शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही किती बोलले, आणि दलाल एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो. मला तेव्हा ती जादू वाटली होती, वीस वर्षांनी वाटलं अरे हा तर गेम आहे.

तर गेममध्ये एक जण दलाल, एक विकणारा, बाकीचे घेणारे. बैलाचं कार्ड उघडतं, त्यावर जात, खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी, आणि वय कळावं म्हणून दात लिहिलेले, अदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला. दलाल रुमाल घेऊन एकेकाकडे जातो, घेणारा त्याची बोटं दाबून भाव सांगतो, दलालाने काही लिहून ठेवायचं नाही, सगळं डोक्यात, आणि विकणाऱ्याला काय सांगायचं ते त्याच्या इमानावर. बॉक्समध्ये खरा सुती रुमाल आहे. त्या रुमालासाठी मी पब्लिशरशी दोन महिने भांडले कारण प्रत्येक बॉक्समागे ११ रुपये वाढत होते.

आता गेस्ट म्हणजे काय ते ऐका, कारण मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. थ्री एसीचं येण्याजाण्याचं भाडं, हॉटेलात दोघींत एक रूम, जेवणाची कुपनं, गळ्यात बॅज. मानधन नाही. त्या बदल्यात एक पॅनेल, एक सही करण्याचा तास, आणि ‘वेळ असेल तेव्हा’ डेमो टेबलवर बसणं. हे शेवटचं वाक्य नीट वाचा. वेळ असेल तेव्हा म्हणजे दोन्ही दिवस सकाळी दहा ते रात्री आठ. दोन दिवसांत मी माझा गेम २३ वेळा शिकवला, दुसऱ्या दिवशी दुपारी घशातून नुसती हवा येत होती.

पुण्याहून उद्यान एक्सप्रेसने गेले, दुपारी बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरू. बॉक्स कुरिअरने पुढे गेले होते पण जुने प्रोटोटाइप, म्हणजे छापायच्या आधीचे कच्चे नमुने, मी एका खोक्यात बरोबर घेतले, म्हटलं पॅनेलवर दाखवता येतील, आधी कसा होता नंतर कसा झाला, लोकांना आवडतं ते. (हे खोकं घरी ठेवलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.) सोलापूरला चढलेल्या काकू खोक्याकडे बघून म्हणाल्या, काय विकतेस गं? मी म्हटलं खेळ बनवते. त्यांनी मला शेंगाचटणी दिली आणि विचारलं, बरं पण नोकरी काय करतेस.

पोचल्यावर पहिला धक्का बॅजचा. नावाखाली ‘गेम डेव्हलपर’. आता बाहेरच्याला यात काय फरक ते कळणार नाही, पण त्या बॅजमुळे दोन दिवस मला कॉलेजची पोरं येऊन युनिटी की अनरिअल (ही व्हिडिओ गेम बनवायची सॉफ्टवेअरं) विचारत होती, एकाने तर मोबाईल काढून स्वतःचा गेम हातात दिला, मॅम फीडबॅक प्लीज. मी खेळले. अकरा सेकंदांत मेले. सांगितलं छान आहे.

बॅज बदलून मिळेल का विचारलं तर प्रिंटर संध्याकाळी येणार होता, तो आलाच नाही. मग मार्करने ‘डेव्हलपर’ खोडून ‘डिझायनर’ लिहिलं, ते दुपारपर्यंत घामाने पुसलं गेलं.

दुसरा धक्का जागेचा. बोर्ड गेमची आठ टेबलं मेन स्टेजच्या उजव्या स्पीकरच्या बरोबर समोर. अकरा वाजता साउंड चेक सुरू झाला आणि टेबलाचा पाणी भरलेला ग्लास थरथरायला लागला. शेजारच्या टेबलवरचा मुलगा कोऑपरेटिव्ह गेम शिकवत होता, चार माणसांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं असा, तो बिचारा शब्दशः ओरडत होता. आणि माझ्या लक्षात आलं की आमचं टेबल मस्त चाललंय. कारण आमच्या गेममध्ये मुख्य बोलणं रुमालाखाली होतं! बाजारात गुरं हंबरताहेत, चहावाले ओरडताहेत, त्यात तोंडाने भाव केला तर निम्मा ऐकू येणार नाही आणि निम्मा नको त्याला ऐकू जाईल, त्यावरचा तोडगाच तो. मी हे गुपितपणाच्या अंगाने डिझाइन केलं होतं, आवाजाच्या अंगाने कधी विचारच केला नव्हता, तिथे तो स्पीकर नसता तर मला हे कळलंही नसतं.

पण त्याच्याही आधी, सकाळी दार उघडायच्या आत, व्हॉलंटिअरांची हेड माझ्याकडे आली. पंचविशीची असेल, हातात कन्वेन्शनच्या नियमांचा कागद. म्हणाली, गेममध्ये हात धरणं कंपल्सरी आहे का? मी म्हटलं हो, तोच तर गेम आहे. ती म्हणाली, इथे अनोळखी माणसं एका टेबलवर बसणार, आणि आमच्या कोड ऑफ कंडक्टमध्ये विचारल्याशिवाय स्पर्श नाही असं लिहिलंय.

खरं सांगते, मला राग आला. दीड वर्ष प्लेटेस्टिंग केलं होतं, म्हणजे लोकांना खेळायला लावून गेम तपासला होता, कुणी हा प्रश्न काढला नव्हता. मग जरा विचार केला की प्लेटेस्टिंग केलं कुणाबरोबर, तर नवरा, नणंद, ऑफिसातल्या मैत्रिणी आणि सोसायटीतली पोरं. यातल्या कुणाला माझा हात धरायला काय वाटणार. बावीस वर्षांची एखादी मुलगी तीन अनोळखी पुरुषांमध्ये बसून रुमालाखाली हात देईल का, हा प्रश्न खरं तर मलाच पडायला हवा होता, मीच ती सात वर्षांची पोर ना, जिला त्या बाजूला जाऊ नको सांगत होते.

तोडगा तिनेच काढला. शेजारच्या गेममधला एक मोठा फासा आणला, म्हणाली घेणारा रुमालाखाली फासा फिरवून ठेवेल, दलाल रुमाल उचलून डोकावेल. हात लागायचा प्रश्न नाही. टेबलवर बसताना प्रत्येकाला विचारायचं, बोटं की फासा, आणि एकानेही फासा म्हटलं की सगळ्यांना फासा, कारण कुणी नको म्हटलं तेही उघड व्हायला नको. हे शेवटचं मला सुचलं नसतं. २३ पैकी १४ डाव फाशावर झाले. फाशावर गेम चालतो, पण एक गोष्ट जाते. बोटं दाबताना माणूस अडखळतो, तीन दाबू की चार, ती अर्ध्या सेकंदाची थरथर दलालाला कळते आणि तिथे खरा सौदा असतो. फासा अडखळत नाही. हे मी तिला सांगितलं, ती म्हणाली मग बॉक्समध्ये दोन्ही द्या ना. दुसऱ्या आवृत्तीत फासा येतोय. पब्लिशर म्हणतो किती वाढणार? मी म्हटलं रुमालापेक्षा कमी.

आता मुख्य फजिती.

शनिवारी दुपारी तिसऱ्या की चौथ्या डावाला एक बाबा आणि त्यांचा मुलगा बसले, मुलगा बारा-तेराचा, चष्मा, अतिशय शांत. बाबांनी आधी बॉक्स उलटसुलट पाहून विचारलं, १४+ लिहिलंय, यात काही वाईट आहे का? मी म्हटलं काही नाही हो. २०२१ च्या १ जानेवारीपासून चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो, त्याचं टेस्टिंग, लायसन्स हे हजार बॉक्स छापणाऱ्या छोट्या पब्लिशरला झेपत नाही, म्हणून आमचा गेम कागदोपत्री मोठ्यांचा. बाबा हसले, मुलगा हसला नाही, त्याने तोवर रूलबुक उघडलं होतं.

मी शिकवायला लागले. सौदा झाला, मी जोरात सांगितलं, आता ज्याने बैल घेतला तो पुढचा दलाल. डाव पुढे गेला. दोन सौदे झाले. मग तो मुलगा हळूच म्हणाला, "मॅम, रूलबुक में तो लिखा है, दलाल लेफ्ट में पास होगा."

मी म्हटलं नाही रे, घेणाऱ्याकडे जातो.

त्याने पान ६ माझ्याकडे वळवून बोट ठेवलं. चौकटीत, ठळक अक्षरात. मी स्वतः लिहिलेली चौकट. सौदा झाल्यावर दलालाचा रुमाल डावीकडे द्यावा.

टेबलवरचे सगळे माझ्याकडे बघतायत आणि माझ्या डोक्यात एकेक व्हर्जन उलगडतंय. व्हर्जन ९ मध्ये घेणारा दलाल होत होता. मग माझ्या नणंदेने ओळीने पाच सौदे घेतले, म्हणजे दलालही तीच, भाव ऐकणारीही तीच, बाकीचे नुसते चहा पीत बसले, आणि व्हर्जन १० मध्ये मी रुमाल डावीकडे फिरवला. तेच छापलं. पण ट्रेनमध्ये खोकं उघडून मी व्हर्जन ९ चे कागद चाळले होते, आणि डोक्यात तेच बसलं. टेस्टिंगमध्ये आम्ही ज्युनिअर पोरांना रोज ओरडतो की बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची आवृत्ती, कुठला आहे ते आधी बघ, आणि इथे मी जुन्या बिल्डवर.

सगळ्यात वाईट म्हणजे माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे मैंने ही लिखा है ये गेम." त्यावर तो पोरगा अगदी सरळपणे म्हणाला, "हाँ मॅम, लेकिन छपा तो ये है."

बाबा त्याला दटावायला गेले, मी म्हटलं नको, बरोबर बोलतोय. डाव पुन्हा सुरू केला. तोच जिंकला. पुढच्या सगळ्या डावांना मी रूलबुक मांडीवर उघडं ठेवून शिकवलं, आणि तरी रविवारी एकदा दलालीचा आकडा चुकले, तो व्हर्जन ७ मधला होता. मला शेवटी कबूल करावं लागलं की त्या हॉलमध्ये माझा गेम सगळ्यात चांगला व्हॉलंटिअर शिकवतात. त्यांनी रूलबुक एकदा वाचलं होतं, फक्त छापलेलं. माझ्या डोक्यात अकरा गेम एकमेकांवर चढून बसलेले.

मुलाने जाताना अजून एक विचारलं, यात कंबळा (रेड्यांची शर्यत) आहे का? कारण गेममध्ये ‘शर्यतबंदी’ असं एक कार्ड आहे, ते आलं की शर्यतीच्या खिल्लारचा भाव कोसळतो. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा शर्यतीचे बैल सांभाळणाऱ्यांचं काय झालं ते आमच्याकडे पाहिलेलं. मग डिसेंबर २०२१ ला परत परवानगी मिळाली तेव्हा फटाके फुटले. कर्नाटकातल्या कंबळ्यालाही त्याच निकालाचा फटका, आणि २०२३ च्या मे महिन्यात तामिळनाडूचा जल्लीकट्टू, कंबळा आणि आमच्या शर्यती तिन्हींचे कायदे कोर्टाने एकाच निकालात ग्राह्य धरले. पोराला हे सगळं माहीत होतं, त्याची आजी मंगळूरकडची. मी म्हटलं एक्स्टेन्शन काढलं तर तुझ्यासाठी रेडे घालीन.

पॅनेल. काय सांगू. रविवारी चार वाजता ठेवलं होतं आणि चार वाजताच मेन स्टेजवर कॉस्प्लेची फायनल. खोलीत अकरा माणसं, त्यातली तीन चार्जिंगच्या सॉकेटजवळ. सूत्रसंचालकाने अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न सापशिडीचा टाकला, की तुमच्या ज्ञानेश्वरांनीच शोधली ना. हा प्रश्न मराठी डिझायनरला सुटत नाही. मी सांगितलं की मोक्षपटाशी, म्हणजे सापशिडीच्या जुन्या रूपाशी, माउलींचं नाव परंपरेने जोडलं जातं, पण त्यांनीच बनवला असं दाखवणारा पट काही हातात नाही, जैनांचे पट आहेत, वैष्णवांचे आहेत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो इंग्लंडात जाऊन मुलांचा खेळ झाला. तो जरा हिरमुसला. त्याला ‘हो’ हवं होतं.

मग एका मुलीने विचारलं, नोकरी सोडून हेच करता येईल का. मी क्लाउस टॉयबर या जर्मन डिझायनरचं सांगितलं, त्याचा कटान हा बोर्ड गेम १९९५ ला आला, जर्मनीत त्या वर्षीचा सगळ्यात मोठा पुरस्कार मिळाला, आणि तरी माणूस पुढे काही वर्षं दातांच्या लॅबमध्ये काम करतच होता. आणि माझे आकडे सांगितले. पब्लिशरला जे मिळतं त्याच्या ६ टक्के मला. स्टॉलवर बॉक्स १३०० ला, म्हणजे माझे ७८. दोन दिवसांत ३८ बॉक्स गेले, २९६४ रुपये. खोलीत शांतता. सॉकेटजवळचा एक जण मोबाईलवरून मान वर करून बघायला लागला.

शेवटचा प्रश्न चांगला होता, बॉक्सवर तुमचं नाव कुठे आहे? बॉक्स उलटा करून दाखवला, बारकोडच्या शेजारी, मुंगीएवढं. मग बिअरच्या गोल पुठ्ठ्याची गोष्ट सांगितली. १९८८ ला न्युरेंबर्गच्या खेळण्यांच्या जत्रेत काही जर्मन डिझायनर बसले होते, त्यांनी ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर लिहून सह्या केल्या की बॉक्सवर आमचं नाव नसेल तर आम्ही गेम देणार नाही. त्यानंतर तिकडे नाव समोर यायला लागलं, पुस्तकावर लेखकाचं येतं तसं. मी म्हटलं आमच्याकडे अजून तो पुठ्ठा शोधणं चाललंय. पब्लिशर मागच्या रांगेत होता. त्याने मान खाली घातली, पण जेवताना स्वतःहून म्हणाला की दुसऱ्या आवृत्तीत समोर टाकतो. लेखी घेतलंय, व्हॉट्सअ‍ॅपवर.

एक माणूस मात्र सांगायलाच हवा. रविवारी सकाळी पन्नाशीचे एक गृहस्थ टेबलापाशी नुसते उभे. मुलगी कॉस्प्लेला आलेली, हे तिची बॅग सांभाळायला. मी हिंदीत बोलावलं तर मराठीत उत्तर आलं, "हे आमच्या बाजारातलं हाय की ओ." निपाणीचे. बसा म्हटलं, बसले. बोटं की फासा विचारलं तर त्यांनी फाशाकडे असं काही पाहिलं की बाकीचे तिघं हसत म्हणाले, बोटं.

मी दलाल होते. त्यांनी रुमालाखाली माझी चार बोटं धरली, दाबली, आणि चेहऱ्यावर काही नाही, नजर स्टेजकडे, तिथे कोणीतरी पंख लावून चाललं होतं. मग अंगठ्याने तळहातावर हलकं घासलं. मी विचारलं हे काय. म्हणाले, "हे म्हणजे अजून जरा चढतो, पण आत्ता न्हाई." हे माझ्या नियमांत नव्हतं. बेल्ह्याला असेलही, मला सात वर्षांची असताना कोण सांगणार होतं. ते तीन डाव खेळले, तिन्ही जिंकले, आणि बॉक्स घेताना मी सही करायला पेन काढला तर म्हणाले, खोक्यावर नको, खोकं पोरी फाडतात, रुमालावर करा. मार्कर सुती कापडावर पसरतो. माझी सही एखादं झुरळ चिरडल्यासारखी दिसत होती. त्यांनी ती वाळेपर्यंत फुंकर मारली आणि घडी करून खिशात ठेवली.

परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर पडले होते, आवाज पूर्ण गेलेला, आणि अनोळखी नंबरवरून मेसेज आला. त्या चष्म्याच्या मुलाचे बाबा. फोटोत जेवणाचं टेबल, रुमाल, आजी दलाल. खाली प्रश्न, सगळ्यांनी सारखाच भाव दाबला तर बैल कुणाला?

मी उत्तर टाइप केलं, पाठवायच्या आधी थांबले. खाली उतरले, सीटखालचं खोकं ओढलं, आणि मोबाईलच्या उजेडात रूलबुक शोधायला लागले. वर व्हर्जन ९ होतं, ते बाजूला ठेवलं.